बिरादार सरांचं 'सांगता येत नाही'

संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला खरं तर किस्से सांगायची मुभा नसते. एका उदाहरणावरून काहीही सिद्ध होत नाही, हे आम्हांला पहिल्याच आठवड्यात डोक्यात ठोकून बसवलं होतं. पण नांदेडला एम.एस्सी. करताना आमच्याकडे डेटा कमी आणि किस्से फार, अशी परिस्थिती! शाहीन आणि मी आजही भेटलो की एक किस्सा निघतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा, आणि समोरचा चहा गार होतो. सिद्ध काहीच होत नाही. तरी सांगते.

आमचं त्रिकूट होतं. शाहीन जुन्या नांदेडातली, तिच्या अब्बांचं मोटार वाइंडिंगचं आणि कूलरचं दुकान. मी भोकरची. आणि तिसरा रेवण, लातूर जिल्ह्यातला, औशाकडचा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जी गावं नव्यानं वसवली, त्यांतल्या एका गावचा.

रेवणबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भूकंप झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याची मोठी बहीण त्यात गेली. पुढं स्लॅबचं पक्कं घर मिळालं, पण त्याचे वडील, म्हणजे अप्पा, त्या घरात कधी झोपलेच नाहीत. घरात ज्वारीची आणि सोयाबीनची पोती, आणि अप्पा समोर अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये. वीसेक वर्षं हेच चाललेलं. आम्ही पहिल्या वर्षाला होतो त्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं, की पुढचा पावसाळा या शेडमध्ये काढू नका, छाती साथ देणार नाही. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गावी येऊन शेडमध्येच अंथरूण टाकलं.

रेवणनं तेव्हाच ठरवून टाकलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत अप्पा घरात झोपायला लागले तर ठीक, नाहीतर शिक्षण सोडून गावी जायचं आणि त्यांच्याजवळ राहायचं. आमच्यात सगळ्यांत हुशार तोच होता. 

* * *

बिरादार सर आमचे विभागप्रमुख, उदगीरकडचे. 'नक्की' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. उद्या तास आहे का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "शक्यता बरी आहे." पेपर सोपा येईल का? "सांगता येत नाही." बस किती वाजता येते, हेही ते सरासरीत सांगत.

एकदा त्यांच्या भाचीला पाहायला पाहुणे आले. घरात शिकलेला माणूस म्हणून सरांना मुद्दाम बैठकीत बसवलं होतं. पोहे झाले, बोलणी छान रंगात आली. मुलाच्या आईनं सहज विचारलं, की मुलगी स्वयंपाक चांगला करते ना?

सर विचारात पडले. मग म्हणाले, "मी तिच्या हातचं दोनतीनदाच जेवलोय. एवढ्यावरून सांगता येत नाही."

ती सोयरीक काही जुळली नाही. भाचीचं लग्न पुढं देगलूरला झालं आणि चांगलं झालं. त्या देगलूरवाल्यांच्या बैठकीच्या दिवशी मामींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सरांना कसल्यातरी कामासाठी हैदराबादला पाठवून दिलं होतं.

* * *

आमच्याच वर्षी अभ्यासक्रमात मशीन लर्निंगचा नवा पेपर आला. तो शिकवायचा कोणी, हा प्रश्न होता, कारण विभागात तो कोणीच शिकलेला नव्हता. शेवटी तासिका तत्त्वावर एक तरुण सर मिळाले. फार छान शिकवायचे. आणि पहिल्या बाकावर, आमच्या शेजारी, वही घेऊन कोण बसायचं? बिरादार सर! त्यांना शंकाही आमच्यापेक्षा जास्त यायच्या.

एके दिवशी तरुण सरांनी ग्रेडियंट डिसेंट शिकवायला घेतलं. म्हणजे धुक्यात डोंगरावर उभे आहात, खालचं दिसत नाही, तर पायाखालचा उतार चाचपत एकेक पाऊल टाकत तळाशी कसं पोचायचं, त्याचं गणित. फळा अर्धा भरला आणि तास संपला. उरलेलं उद्या, म्हणाले.

उद्या ते आलेच नाहीत. लातूरच्या एका क्लासवाल्यानं त्यांना उचललं होतं. तेव्हा लातुरात तशी धूमच होती. आजूबाजूच्या जिल्ह्यांत गणित आणि फिजिक्स बरं शिकवणारा माणूस दिसला की आठवड्याभरात तो लातूरच्या चौकात फ्लेक्सवर दिसायचा, कोट घालून, हाताची घडी घालून. आमचे सरही दिसले. इथं स्वेटरसुद्धा नव्हता त्यांच्याकडे.

आम्ही हताश होऊन फळ्याकडं बघत बसलो होतो. बिरादार सर पहिल्या बाकावरून उठले, खडू हातात घेतला आणि म्हणाले, "ते खाली पोचले. आपण अजून डोंगरावर आहोत. चला."

पुढचा सगळा पेपर त्यांनीच शिकवला. आदल्या दिवशी स्वतः शिकायचे, दुसऱ्या दिवशी आम्हांला सांगायचे. जिथं त्यांना कळलं नसेल तिथं स्वच्छ सांगत, की मला इथपर्यंतच कळलं आहे. मी नंतर पुष्कळ शिक्षक पाहिले, पण असं सांगणारा माणूस पाहिला नाही.

* * *

मॉडेल म्हणजे डेटावरून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम, आणि त्याला शिकवायचं तर कंप्युटर तासन्‌तास चालू ठेवावा लागतो. विभागातली वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून शाहीननं प्रोजेक्टचं काम घरच्या कंप्युटरवर लावलं. मे महिना होता. नांदेडचा मे ज्यानं काढलाय त्याला जास्त सांगायला नको.

दुपारी शाहीनचे मामू आणि मामी परभणीहून आले. घामानं भिजलेले. बैठकीत कूलर होता, पण त्याचं तोंड पाहुण्यांकडं नव्हतं, कोपऱ्यातल्या कंप्युटरकडं होतं. तो तापतोय असं शाहीन सकाळी म्हणाली होती, म्हणून अम्मींनी कूलर उचलून त्याच्यासमोर आणून ठेवला होता. वाळ्याच्या ताट्यांवर पाणीसुद्धा मारलं होतं.

मामूंनी दोनदा कूलर स्वतःकडं वळवून घेतला. अम्मींनी दोनदा तो परत फिरवला. तिसऱ्या वेळी अम्मी म्हणाल्या, "वो सुबह से पढ़ रहा बिचारा. तुम लोगां तो अब्बी आए."

मामू वर्तमानपत्रानं वारा घेत बसले. संध्याकाळी मॉडेलचा निकाल आला तो अगदीच सुमार होता. अम्मी शाहीनला म्हणाल्या, की काही बोलू नको त्याला, फार गर्मी होती आज.

* * *

रेवणचा आणि माझा एक छोटा प्रोजेक्ट होता. बैलाच्या छातीचा घेर टेपनं मोजायचा आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधायचा. त्यासाठी आम्ही देवणीच्या बाजारात गेलो. देवणी बैल म्हणजे नुसतं बघत राहावं असं जनावर. माणसंही चांगली, कोणी अडवलं नाही. आम्ही दिवसभर टेप घेऊन फिरलो, मोजलेले बैल वजनकाट्यावर चढवून खरं वजनही घेतलं, आणि आमचं मॉडेल इतकं सुरेख बसलं की मी भोकरला फोन करून सांगितलं.

पुढच्या बाजारात ते तपासायला गेलो. एका शेतकऱ्यानं स्वतःच आपला मारका बैल धरून ठेवला आणि घेर मोजून दिला. आम्ही हिशोब करून वजन सांगितलं. काट्यावर भलतंच निघालं. दुसऱ्या बैलाचं तसंच. तिसऱ्यानं तर टेपच पायाखाली घेतली.

परत येऊन सरांना सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, की पहिल्या दिवशी बैल निवडले कसे? आम्ही म्हणालो, जो उभा राहील तो मोजला. जो लाथ मारायला बघत होता त्याच्या वाटेला गेलो नाही.

"म्हणजे तुम्ही देवणीचे बैल मोजलेच नाहीत," सर म्हणाले. "देवणीचे सोशिक बैल मोजलेत."

शाहीन आणि मी हसून हसून दमलो. रेवण हसला नाही. बाहेर पायरीवर बसून तो म्हणाला, की आमच्या गावात घरोघर जाऊन सर्व्हे करणारे येतात, घर कसं आहे विचारतात, आणि लिहून नेतात की लोक समाधानी आहेत. अप्पा त्यात कधीच येत नसतील. ते घरात नसतातच.

* * *

खर्चाला हातभार म्हणून रेवण रविवारी लातूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. मालकाला कुठून तरी कळलं, की हा पोरगा मशीन लर्निंग शिकतोय. त्यानं रेवणला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की आमच्याकडं जुन्या मुलांची सगळी माहिती आहे, त्यावरून कोणता मुलगा मेडिकलला लागणार हे ॲडमिशनच्या दिवशीच कळेल असं मशीन करून दे.

रेवणनं मनापासून काम केलं. दहावीचे मार्क, गाव, शाळा, सगळं घातलं. मॉडेलनं सगळ्यांत वजनदार म्हणून भलतीच गोष्ट काढली. ज्या मुलाची आई लातुरात खोली करून त्याच्यासोबत राहते, तो मुलगा लागतो! आता ज्या घराला आईनं गाव सोडून लातुरात राहणं परवडतं, त्या घरात बाकीच्याही दहा गोष्टी बऱ्या असतात. रेवणनं ते मालकाला परोपरीनं समजावलं. आई आली म्हणून मुलगा लागत नाही, म्हणाला.

मालकानं सगळं नीट ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात क्लासच्या मागं त्यानं एक इमारत भाड्यानं घेतली आणि वर बोर्ड लावला. 'मातोश्री वसतिगृह. फक्त आयांसाठी.'

सरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, की कारण वेगळं आणि सोबत वेगळी, हे आपण दोन सत्रं शिकवतो, पण लातुरात त्याला ॲडमिशन मिळत नाही. मालक मात्र खूश होता. त्यानं रेवणला पूर्ण वेळ नोकरी देऊ केली. लातूरहून रेवणचं गाव जवळ, रोज ये-जा करता आली असती.

* * *

दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात, रेवणनं अप्पांना गणितानं पटवायचं ठरवलं. हे त्यानंच आम्हांला सांगितलं, म्हणून माहीत.

तो नकाशे आणि कागद घेऊन शेडमध्ये बसला. आपल्या भागात असे मोठे भूकंप किती क्वचित होतात, नवी घरं कशी बांधली आहेत, सगळं समजावलं. पुन्हा तसं व्हायची शक्यता लई थोडी हाय, म्हणाला.

"थोडी हाय ना?" अप्पांनी विचारलं.

"हाय, पण लईच थोडी."

"मंग हाय," अप्पा म्हणाले आणि उठून बैलाला पाणी दाखवायला गेले.

रेवण चिडला. संध्याकाळी त्यानं सरळ सांगून टाकलं, की अप्पा, आता येतच न्हाई भूकंप, शास्त्रज्ञांनी लिहून दिलंय.

अप्पा उठले. त्यांनी आपली बाज उचलली आणि घरापासून आणखी थोडी लांब नेऊन टाकली.

* * *

जूनच्या सुरुवातीला रेवणचा सरांना फोन आला. क्लासची नोकरी घेतो म्हणाला, एम.एस्सी. सोडतो. सरांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढली आणि शाहीनला व मला सोबत घेतलं. कुठं जायचं ते आम्ही विचारलं नाही.

सरांनी आधी कळवलं होतं, रेवण गावाच्या फाट्यावर उभा होता. सरांना गाडीतून उतरूही न देता त्यानं खिडकीतून हात जोडले. "सर, एकदाच. एकदाच शंभर टक्के न्हाई येत म्हणा. तुम्ही मोठे मास्तर, तुमचं ऐकतील ते." सरांनी त्याला गाडीत बसायला सांगितलं, एवढंच.

गाव सरळ रेषेत आखलेलं, घरं एकसारखी. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अप्पा शेडमध्ये वाट बघत बसलेले. किडकिडीत, पांढरं धोतर, गळ्यात इष्टलिंग, आणि बोलता बोलता मध्येच छातीतून येणारा खोकला. रेवणच्या आईनं, अव्वानं, भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. पत्रा तापून वरून आग ओतत होता. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत कोणी विषय काढला नाही.

हात धुऊन झाल्यावर अप्पांनीच काढला.

"सर, तुमी याचे मोठे मास्तर. तुमीच सांगा. पुन्हा यील का?"

रेवणनं सरांकडं बघितलं. शाहीननं माझा हात धरला. सरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"येऊ शकतो," सर म्हणाले.

रेवणनं मान खाली घातली. मला सरांचा इतका राग आला की काय सांगू. एक शब्द तर बोलायचा होता. एका माणसासाठी, एकदाच.

"कधी?" अप्पांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही. मलाही नाही, कोणालाच नाही. जो सांगेल त्याचं ऐकू नका."

अप्पा सरांकडं वळून बसले. मग ते बोलायला लागले, सरांशीच, आम्ही तिथं नसल्यासारखे. आधी बारके हादरे बसायचे, म्हणाले. आम्ही सगळे अंगणात निजायचो. मग समदे म्हणायला लागले, आता काय येत न्हाई, काय घाबरून राहिले. "म्हून त्या राती लेकीला आत निजवलं. म्याच उचलून नेली तिला."

हे रेवणनं कधीच ऐकलेलं नव्हतं. त्याच्या तोंडाकडं बघवेना. अव्वा चुलीजवळ पाठमोरी बसली होती, ती तशीच बसून राहिली. 

थोड्या वेळानं सर म्हणाले, की मला जेवण झालं की आडवं व्हायची सवय आहे, इथं पत्रा फार तापलाय, तर मी आत झोपू का?

"आत पोती हायती," अप्पा म्हणाले.

"असू द्या."

सर उठले, चपला काढल्या आणि घरात गेले. दार उघडंच होतं, त्यामुळं बाहेरून सगळं दिसत होतं. त्यांनी दोन पोती सरकवून जागा केली, सतरंजी पसरली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि बरोबर स्लॅबखाली उताणे झोपले. जरा वेळानं घोरायलाही लागले.

अप्पा शेडच्या कडेला येऊन बघत होते. एकदा झोपलेल्या सरांकडं, एकदा वरच्या स्लॅबकडं.

"येऊ शकतो म्हणला," ते रेवणला हळूच म्हणाले, "अन् आत जाऊन निजला."



अप्पा तसेच उभे राहिले. एकदा खाली बसले, पुन्हा उठले. मग बाजेवरची घोंगडी त्यांनी ओढून काढली.

"पाव्हणा एकटाच आत हाय," ते म्हणाले. "काय झालं तर त्याला उठवायला कोणी नको का?"

उंबऱ्याशी ते थांबले. दाराच्या चौकटीला हात लावून बघितला, आणि आत गेले. सरांच्या शेजारी, दाराकडं तोंड करून, पोत्याला टेकून जागत बसले.

आम्ही तिघं उन्हातच उभे होतो. किती वेळ गेला कळलं नाही. आतलं घोरणं ऐकू येत होतं. नंतर लक्षात आलं, की ते दोघांचं आहे. शाहीन काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात चुलीजवळून अव्वानं हातानंच खूण केली, की गप्प राहा.